९०० जीबीत ८० केबी मावेना!

मराठी विभागासाठी लेख दे असं मॅडम म्हणाल्या तेव्हा मला घामच फुटला. शाळा कॉन्व्हेंटमधली, मराठी फक्त घरी बोलायची आणि आजोबांना पेपर वाचून दाखवायची. विषय काय घेऊ विचारलं तर म्हणाल्या, "त्या कोट्याबद्दलच लिही की. निम्मं हॉस्टेल तुझ्या नावानं खडे फोडतंय." तर लिहिते. कॉम्प्युटर लॅबच्या सर्व्हरवर ज्यांना 'डिस्क कोटा एक्सीडेड' असा मेसेज आला आणि ज्यांनी मला मेसमध्ये ताटावर गाठून जाब विचारला, त्या सगळ्यांनी हे माझं लेखी उत्तर समजावं. (कमांड्सची नावं उच्चाराप्रमाणे लिहितेय. टाईप करताना इंग्रजी स्पेलिंग वापरा म्हणजे झालं!)

गोष्ट सुरू होते आमच्या गावात. पेडगाव, परभणी तालुका. परभणीहून मनमाडकडे निघालेली पॅसेंजर जिथे थांबते ते छोटं स्टेशन. तिथे आमच्या शेतात, विहिरीजवळच्या तुकड्यात, मातीतला ओलावा मोजणारे दोन सेन्सर पुरलेत, एक वीतभर खोल आणि एक हातभर खोल. हे आमचं मिनी प्रोजेक्ट. दर दहा मिनिटांनी एक रीडिंग, म्हणजे दिवसाची १४४. दिवसभराची रीडिंग्ज एका फाईलमध्ये, फाईलला नाव तारखेचं. रात्री बारा वाजले की शेतातल्या डब्यात बसवलेला रास्पबेरी पाय ती फाईल मोबाईलच्या नेटवरून कॉलेजच्या सर्व्हरवर पाठवायचा आणि आपल्याजवळची पुसून टाकायचा.

पुसायची कशाला? तर मेमरी कार्ड भरू नये म्हणून. फाईल ७ केबीची, कार्ड १६ जीबीचं. ते भरायला पाच हजार वर्षं तरी लागली असती, हा हिशेब मी नंतर केला. नंतर म्हणजे फार नंतर.

ऑक्टोबर महिना आमच्या प्रोजेक्टचा जीव होता. परतीचा पाऊस थांबला की काळी माती हळूहळू वाळायला लागते आणि रब्बी ज्वारी पेरायची वेळ ठरवावी लागते. आमच्या परभणीच्या कृषी विद्यापीठाने काढलेली 'परभणी मोती' ज्वारी तुम्ही ऐकली असेल. पेरणी कधी करायची हे आजोबा मूठभर माती दाबून ठरवतात. त्या मुठीला आकडा द्यायचा, एवढंच आमचं प्रोजेक्ट. सबमिशनच्या आठवड्यात मी ग्राफ काढायला सर्व्हरवर गेले, तर ऑक्टोबरमधल्या सलग अकरा दिवसांच्या अकरा फाईली होत्या... आणि प्रत्येकीचा आकार शून्य! नाव आहे, तारीख आहे, आत काही नाही.

झालं होतं असं की सर्व्हरचं होम पार्टिशन, जिथे आपणा सगळ्यांचे फोल्डर असतात, ते पूर्ण भरलं होतं. नवीन फाईलचं नाव नोंदवायला जागा होती, मजकूर लिहायला नव्हती. पाठवणाऱ्या प्रोग्रॅमने आपलं काम नीट केलं, 'एरर' असं सांगितलंसुद्धा. पण माझ्या स्क्रिप्टमध्ये 'पाठव' आणि 'पूस' या दोन कमांड्सच्या मध्ये, होता. सेमीकोलनचा अर्थ 'आधी हे कर, मग ते कर', पहिलं जमलं की नाही याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तिथे && हवे होते, म्हणजे 'पहिलं जमलं तरच दुसरं कर'. फक्त दोन चिन्हांचा फरक! ती माती पुन्हा तशी वाळायला पुढचा ऑक्टोबर उजाडावा लागणार.

अकरा दिवसांची रीडिंग्ज म्हणजे सगळी मिळून ८० केबीसुद्धा नव्हती. आणि पार्टिशन होतं ९०० जीबीचं.

मग ९०० जीबी खाल्ले कुणी? लॅबचे काका आणि मी 'डीयू' कमांड लावून बसलो. पाऊण तासाने यादी आली. सिनेमे होते, नाही म्हणत नाही, पण लोकांना वाटतं तितके नव्हते. सगळ्यात मोठी एकच फाईल होती ३१० जीबीची. कुणाच्या तरी सिम्युलेशनचं लूप थांबलंच नव्हतं आणि ते बिचारं सहा दिवस एकच ओळ लॉगमध्ये लिहीत बसलं होतं. त्या मुलाला पत्ताच नव्हता, तो घरी गेला होता! त्याच्याखाली व्हर्च्युअल मशीनच्या कॉप्या, त्याच त्या इमेजच्या चौदा. मुद्दाम त्रास देणारा एकही नव्हता. मला तर तेच जास्त लागलं, कारण भांडायला कुणी सापडेना.

आणि नुकसान माझंच झालं असं नाही. ज्यांच्याकडे लॅपटॉप आहे ते त्या आठवड्यात आपलं काम लॅपटॉपवर करून मोकळे झाले. ज्यांच्याकडे नाही, ज्यांचं सगळं टर्मवर्क त्या सर्व्हरवरच आहे, त्यांच्या फाईली सेव्ह होईनात. आमच्या विंगमधली एक जण रात्री साडेदहापर्यंत लॅबमध्ये रडत बसली होती. तेव्हा सर म्हणाले, कोटा लावूया. आणि दूरून फाईली ठेवण्या-घेण्याची व्यवस्थाही एकदा नीट करूया, तू करशील का? मी हो म्हणून बसले.

दूरून फाईल आणायची कशी?

याचा इतिहास थोडक्यात सांगते, कारण त्यात आपला एक माणूस आहे. नेटवर्कवरून फाईल पाठवायचा पहिला मोठा नियम म्हणजे एफटीपी, तो एप्रिल १९७१ मध्ये लिहिला अभय भूषण यांनी. हे आयआयटी कानपूरच्या १९६५ साली बाहेर पडलेल्या पहिल्या बॅचचे, नंतर अमेरिकेत एमआयटीमध्ये गेलेले. एफटीपी उत्तम होतं, पण ज्या काळात नेटवर्कवरची सगळी माणसं एकमेकांना ओळखत होती त्या काळातलं. त्यात पासवर्ड उघडा जातो, पोस्टकार्डावर लिहावा तसा. मधे कुणीही वाचावा.

१९९५ साली हेलसिंकीच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत नेमकं हेच झालं, नेटवर्कवर कान लावून कुणीतरी पासवर्ड गोळा केले. तिथल्या टाटू यलोनेन यांनी चिडून एसएसएच लिहिलं. यात बोलणं सुरू होण्याआधीच दोन्ही बाजू गुपित किल्ली ठरवतात आणि पुढचं सगळं कुलूपबंद जातं. एसएसएचला २२ नंबरचा पोर्ट मिळाला, कारण एफटीपीचा २१ आणि टेलनेटचा २३ यांच्या मधली जागा रिकामी होती. आपण आता वापरतो ते एसएफटीपी नावाने एफटीपीचा भाऊ वाटतो, पण तसं काही नाही. ते एसएसएचच्याच दारातून जातं. जुनं एफटीपी क्रोम आणि फायरफॉक्सनेसुद्धा २०२१ मध्ये काढून टाकलं.

लॅबमधल्या विंडोज मशीनवर तुम्हाला जो 'झेड ड्राईव्ह' दिसतो तो सांबामुळे. लिनक्स सर्व्हरने विंडोजची भाषा बोलायची, म्हणजे सांबा. हे अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ च्या सुमारास ऑस्ट्रेलियात कॅनबेराला पीएच.डी. करता करता लिहिलं. झेड ड्राईव्ह फार सोयीचा, नेहमीच्या फोल्डरसारखाच वागतो. मग तोच बाहेरून का नाही उघडायचा, असं मला तिघांनी विचारलं. त्याचं उत्तर न्हावा-शेव्याला आहे. २७ जून २०१७ ला 'नॉटपेट्या' नावाचा हल्ला झाला, त्यात मर्स्क ही बलाढ्य जहाज कंपनी आडवी झाली आणि तिच्या गटाचं आपल्या जवाहरलाल नेहरू बंदरातलं टर्मिनलसुद्धा ठप्प झालं. आत शिरल्यावर एका मशीनवरून दुसऱ्या मशीनवर उडी मारायला त्याने विंडोजच्या फाईल शेअरिंगमधलीच फट वापरली होती. सांबा हा प्रोग्रॅम वेगळा, पण दार तेच, ४४५ नंबरचं. म्हणून नियम असा केला की झेड ड्राईव्ह फक्त लॅब आणि हॉस्टेलच्या आतल्या नेटवर्कवर. बाहेरून यायचं तर एकच दार, एसएसएचचं.

हे एक दार उघडणंही तितकं सोपं नव्हतं. आपल्या सर्व्हरला जो आयपी पत्ता आहे तो कॉलेजपुरताच. बाहेरच्या जगाला तो माहीतच नाही, जसा हॉस्टेलचा रूम नंबर पोस्टमनला माहीत नसतो. नेटवर्कवाल्या सरांनी फायरवॉलवर एक पोर्ट उघडून तो या सर्व्हरकडे वळवून दिला. पेडगावच्या बाजूला उलटी अडचण. मोबाईल कंपन्या एकाच सार्वजनिक पत्त्यामागे शेकडो ग्राहक बसवतात, त्यामुळे शेतातल्या डब्यातून कॉलेजला फोन लावता येतो, पण कॉलेजातून त्या डब्याला लागत नाही. माझा पहिला बेत होता की सर्व्हरनेच रोज पेडगावहून फाईल ओढून आणावी. तो तिथेच बारगळला. पाठवायचं काम डब्यानेच करायचं असं ठरलं.

पोर्ट उघडल्यावर पहिल्याच रात्री लॉग बघितला आणि पोटात गोळा आला. कुठल्या कुठल्या अनोळखी पत्त्यांवरून 'रूट', 'ॲडमिन', 'टेस्ट' अशी नावं घालून पासवर्ड आजमावणाऱ्यांची रांग लागली होती! हे आपल्यावर खास कुणाचा डोळा आहे म्हणून नव्हे, इंटरनेटवर दिसेल ते दार वाजवत फिरणारे प्रोग्रॅमच असतात. दुसऱ्या दिवशी आम्ही पासवर्डने येणं पूर्ण बंद केलं. आता किल्ली लागते. 'एसएसएच-कीजेन' चालवलंत की दोन फाईली तयार होतात, एक सार्वजनिक आणि एक खाजगी. सार्वजनिक सर्व्हरवर ठेवायची, खाजगी आपल्याच मशीनवर. सर्व्हर एक कोडं घालतो, ते फक्त खाजगी किल्लीलाच सुटतं, आणि गंमत म्हणजे किल्ली स्वतः कधीच नेटवर्कवरून प्रवास करत नाही. तेव्हा ती पेनड्राईव्हवर घालून मैत्रिणीला देऊ नका. तिला तिची स्वतःची करता येते, अर्धं मिनिट लागतं. घरून विंडोजवर विनएससीपी किंवा फाईलझिला वापरा, दोन्हींत किल्ली चालते.

शेतातल्या डब्याचा प्रश्न वेगळा होता. तो डबा कुणी उचलून नेला तर? त्याच्यात किल्ली आहे! म्हणून त्या खात्याला फक्त एसएफटीपीची परवानगी दिली, बाकी काही चालवता येत नाही, आणि 'सीएचरूट' करून त्याला एका फोल्डरमध्ये कोंडलं. त्याच्या दृष्टीने जग तेवढंच. इथे आम्ही दोन तास अडकलो. कनेक्शन लागायचं आणि लगेच तुटायचं. शेवटी लॉगमध्ये सापडलं की ज्या फोल्डरात कोंडायचं तो फोल्डर, आणि त्याच्या वरचे सगळे, रूटच्या मालकीचे लागतात आणि दुसऱ्या कुणालाही तिथे लिहिण्याची परवानगी असून चालत नाही. म्हणजे कोंडलेल्या माणसाला खोलीच्या दाराशी लिहायचा हक्क नाही. मग आत एक 'आवक' नावाचा फोल्डर केला आणि त्यात लिहायला दिलं. तुम्ही कधी हे केलंत तर तुमचे दोन तास वाचले!

आता कोटा

कोटा ही कल्पना काही आमच्या सरांच्या डोक्यातून निघालेली नाही. मेलबर्न युनिव्हर्सिटीतल्या रॉबर्ट एल्झ यांनी युनिक्ससाठी ती लिहिली आणि १९८३ च्या ४.२ बीएसडीमध्ये ती आली. म्हणजे तिथल्या विद्यार्थ्यांनीही डिस्क भरल्याच असणार. आज पुण्याच्या आयसरमध्ये 'परम ब्रह्म' हा सुपरकॉम्प्युटर आहे. तिथेही एसएसएचनेच आत जायचं आणि तिथेही जागेला मर्यादा. गुगलने शिक्षणसंस्थांना अमर्याद जागा दिली होती, तीही २०२२ पासून संपली आणि संपूर्ण संस्थेला मिळून मुळात १०० टीबी असं झालं. तेव्हा आपल्या ९०० जीबीवाल्या सर्व्हरने लाजायचं कारण नाही.

चालतं कसं ते सांगते. प्रत्येक फाईलला एक मालक असतो. फाईल सिस्टीम प्रत्येक मालकाच्या नावापुढे दोन आकडे ठेवते, त्याने किती जागा वापरली आणि त्याच्या किती फाईली आहेत. प्रत्येक आकड्याला दोन मर्यादा. हार्ड लिमिट म्हणजे भिंत, तिच्यापुढे एक बाईटही नाही. सॉफ्ट लिमिट म्हणजे रेघ. रेघ ओलांडलीत तरी सात दिवस चालतं, याला ग्रेस म्हणतात. सात दिवसांत रेघेच्या आत आला नाहीत तर मात्र ती रेघच भिंत होते.

मेसमधली अर्ध्याहून जास्त भांडणं याच शेवटच्या वाक्यावरून झाली. "माझी लिमिट ३ जीबी, आणि २.१ वरच अडलंय, तुमचा कोटा बिघडलाय!" बिघडला नाही. रेघ २ जीबीवर आहे, तुम्ही ती दहा दिवसांपूर्वी ओलांडलीत. 'कोटा' एवढीच कमांड टाईप करा, तुमचा वापर, दोन्ही मर्यादा आणि उरलेले दिवस दिसतात. झेड ड्राईव्हच्या 'फ्री स्पेस'मध्येही आता ९०० जीबी दिसत नाहीत, तुमच्या वाट्याचीच जागा दिसते.

दुसरी तक्रार, "मी सगळं डिलीट केलं तरी जागा सुटत नाही." लॅबच्या लिनक्स डेस्कटॉपवर माऊसने डिलीट केलेलं कचरापेटीत जातं, आणि कचरापेटी तुमच्याच फोल्डरात लपलेली असते! ती रिकामी करा. एखादा प्रोग्रॅम ती फाईल उघडून बसला असेल तर तो बंद होईपर्यंतही जागा सुटत नाही. तिसरी भानगड अशी की मोजणी मालकावरून होते, फोल्डरवरून नाही. तुम्ही तुमच्या पार्टनरच्या फोल्डरमध्ये फाईल केलीत तरी ती तुमच्या खात्यावर.

फाईलींच्या संख्येला मर्यादा कशाला, असंही विचारलं गेलं. ईएक्सटी४ मध्ये प्रत्येक फाईलला एक नोंदपत्र लागतं, त्याला आयनोड म्हणतात, आणि ही नोंदपत्रं डिस्क तयार करतानाच मोजून ठेवलेली असतात. वेब प्रोजेक्टवाले एका कमांडमध्ये हजारो चिमुकल्या फाईली उतरवून घेतात. असे पुरेसे लोक जमले की डिस्कवर जागा असूनही 'जागा नाही' असा मेसेज येऊ शकतो. म्हणून माणशी एक लाखावर रेघ आणि एक लाख वीस हजारांवर भिंत.

बसवायला फार वेळ लागला नाही. रविवारी सकाळी सगळ्यांना बाहेर काढून पार्टिशन अनमाऊंट केलं आणि फाईल सिस्टीमचं कोटा फीचर चालू केलं. जुन्या पुस्तकांत 'कोटाचेक' चालवून मग 'कोटाऑन' असं दिलेलं असतं. त्या पद्धतीत वीज गेली की हिशेब चुकण्याची भीती असते, आणि वीज जाण्याबद्दल मी आपल्याला काय सांगावं! नव्या पद्धतीत फाईल सिस्टीम स्वतःच हा हिशेब आपल्या जर्नलसकट ठेवते. मग 'सेटकोटा' ने आकडे घातले आणि 'रेपकोटा' ने यादी बघितली. एक महत्त्वाचं म्हणजे कोटा लावल्याने कुणाची एकही फाईल पुसली जात नाही. भिंतीच्या बाहेर असाल तर नवीन लिहिता येत नाही, इतकंच.

खरा वेळ गेला तो आकडा ठरवण्यात. आपले २४० यूजर. ९०० भागिले २४० म्हणजे पावणेचार जीबी. सर म्हणाले, सगळे थोडेच भरतात, बहुतेकांचा वापर एक जीबीच्या आत आहे, तेव्हा प्रत्येकाला ६ ची भिंत देऊ. बेरीज १४४० होते, होऊ दे, सगळे एकाच वेळी थोडेच येणार आहेत. बँक, विमान कंपन्या सगळे असंच करतात. मला हे पटतही होतं आणि नव्हतंही. कारण सबमिशनच्या आठवड्यात सगळे एकाच वेळीच येतात.

दिवाळीला पेडगावला गेले तेव्हा हे आजोबांना सांगितलं. त्यांना सर्व्हर म्हणजे काय ते सांगायला वेळ लागला, पण कोटा म्हटल्यावर लगेच कळलं. आमच्या जिल्ह्यात जायकवाडीचा डावा कालवा येतो, पैठणपासून २०८ किलोमीटरचा. वरच्या अंगाला पाणी मुबलक, खाली टेलला येईपर्यंत काय उरेल ते खरं. म्हणून शेजपाळीत, म्हणजे चारीवरच्या शेतांना पाळीपाळीने पाणी देण्याच्या पद्धतीत, भिजवायला सुरुवात शेपटाकडून करायची असा नियम आहे. आजोबा म्हणाले, "वरच्याला काय माय, तो कवा बी घेतो. आधी टेलवाल्याचं भिजू दे, मग वर या. उलटं केलं की टेलवाला मेला."

परत येऊन मी सरांना म्हटलं, सर, आधी टेल. टेल म्हणजे लॅपटॉप नसलेले, आणि सर्व्हरवर रोज न येता शेवटच्या आठवड्यात येणारे. प्रत्येकाची २ जीबीवर रेघ आणि ३ वर भिंत. २४० त्रिक ७२०. हे सगळ्यांनी एकाच दिवशी भरले तरी डिस्क भरत नाही. उरले १८०. त्यातले ४५, म्हणजे पाच टक्के, ईएक्सटी४ स्वतःच रूटसाठी राखून ठेवतं. राहिले १३५. ज्याला जास्त लागेल त्याने मागायचं, या १३५ मधून, मुदतीसह. सर थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "यात बरीच जागा रिकामी पडून राहील, हे तुला कळतंय ना?" कळतंय. आजही ४०० जीबीच्या आसपास रिकामी आहे आणि व्हर्च्युअल मशीनवाले ती बघून चिडतात. त्यांचा राग खोटा नाही. पण ती रिकामी जागा कुणाची तरी आहे, तो अजून आला नाही इतकंच, असं माझं मत आहे आणि ते मी बदललेलं नाही.

ग्रुप प्रोजेक्टसाठी ५०० जीबीची जुनी डिस्क वेगळी लावली, तिच्यावर फक्त ग्रुप कोटा, ग्रुपला १० जीबी. होमवरच ग्रुप कोटा लावला असता तर एकच फाईल यूजरच्या खात्यावर आणि ग्रुपच्या खात्यावर अशी दोन्हीकडे मोजली गेली असती. या डिस्कवरच्या फोल्डरांना 'सेटजीआयडी' लावलाय, त्यामुळे आत कुणीही फाईल केली तरी ती ग्रुपच्याच नावावर पडते.

"मग काका आमच्या फाईली उघडून बघतात का?" हा प्रश्न लेडीज हॉस्टेलमधून जास्त आला, आणि रास्त आहे. कोटा फक्त ब्लॉक मोजतो. आत काय आहे ते त्याला कळत नाही, त्याला करायचंही नाही. पण खरं सांगायचं तर रूटचा पासवर्ड ज्याच्याकडे आहे तो सर्व्हरवरचं काहीही वाचू शकतो, कोटा असो वा नसो. आपलं फोल्डर ७०० परमिशनवर ठेवलंत तर बाकीच्या २३९ जणांपासून सुटका होते. अगदीच खाजगी असेल तर ते कॉलेजच्या सर्व्हरवर ठेवू नका.

आमच्या डब्याची स्क्रिप्टही बदलली. सेमीकोलन गेला, && आले. शिवाय आता तो पाठवलेली फाईल लगेच परत उतरवून घेतो आणि आपल्याजवळच्या फाईलशी जुळवून बघतो. जुळली तरच 'पोचली' अशी खूण करतो, आणि पुसत काहीच नाही. फेब्रुवारीत एकदा त्याची परीक्षा झाली. माझ्या पार्टनरने शेताचे फोटो टाकून टाकून ग्रुपचे १० जीबी भरले, आणि चार रात्री फाईल जुळेना. डब्याने निमूटपणे चारही जपून ठेवल्या. पार्टनरने फोटो हलवल्यावर पाचव्या रात्री पाचही फाईली एकदम आल्या. पार्टनरशी मी दोन दिवस बोलले नाही, ती गोष्ट वेगळी.

ओरलला एक्स्टर्नल सरांनी ग्राफवर बोट ठेवून विचारलंच, "ऑक्टोबरमध्ये ही रेघ मधेच का तुटली?" आम्ही दोन टोकं जोडून टाकली असती तर कदाचित कळलंही नसतं. नाही जोडली. सेमीकोलनची सगळी गोष्ट सांगितली, त्यात ओलाव्यापेक्षा जास्त वेळ गेला.

जादा जागेसाठीची वही काकांच्या टेबलावर आहे. नाव, किती जीबी, कशासाठी, कधीपर्यंत. शेवटचा रकाना रिकामा ठेवलात तर काका वही तुमच्याकडे परत सरकवतात.